काळी, पांढरी आणि इनामगावची माणसे

आपल्या मराठी गावगाड्यात जमिनीला दोन नावे आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्ती, माणसांनी घरे बांधलेली जागा. ही नावे उगाच पडलेली नाहीत. एकाच जागेवर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली की तिथे चुलीची राख साचते, मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावर नव्या भिंती उभ्या राहतात, शेण-मातीचे सारवण थरावर थर चढते, जनावरांची हाडे आणि फुटकी मडकी त्यात मिसळतात. शे-दोनशे वर्षांत तिथली माती भुरकट, मोकळी आणि आजूबाजूच्या शिवारापेक्षा उंच होते. माणसे निघून गेली तरी ती पांढरी तशीच टेकाड होऊन राहते.

आम्ही पिंपरी-चिंचवडकर मात्र ना काळीचे राहिलो, ना पांढरीचे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ नंतर औद्योगिक महामंडळाचे भूखंड पडत गेले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. बीड, उस्मानाबाद, लातूर, सोलापूर, नगर अशा कोरडवाहू मुलखातून आपली कुटुंबे इथे आली. कुणाचे अब्बा १९७२ च्या दुष्काळानंतर आले, कुणाचे मामू आधी आले आणि मग त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतले. त्यामुळे आपल्या घरांत दोन प्रश्न नेहमी असतात. पाहुणे विचारतात, ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ आणि मुले विचारतात, ‘हे कारखाने नव्हते तेव्हा इथे कोण राहत होते?’

दुसऱ्या प्रश्नाला आपण सहसा चाकणच्या संग्रामदुर्गापर्यंतच उत्तर देतो. १६६० मध्ये शाइस्ताखानाने वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला, हे मुलांना शाळेतही सांगतात. थोडे पुढे राजगुरुनगरला, म्हणजे जुन्या खेडला, दिलावरखानाची मशीद आणि मकबरा आहे. पण याच्याही मागे तीन हजार वर्षे गेलो तर? चाकणहून निघणाऱ्या दोन रस्त्यांवर त्याचे उत्तर आहे. गेल्या हिवाळ्यात दोन रविवार काढून आम्ही तीन कुटुंबे ते पाहायला गेलो. लहान मुले सहा, मोठी माणसे आठ आणि डबे भरपूर.

पहिला रस्ता नाशिकचा. ट्रक, कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्यांतून वाट काढत चाकण मागे टाकले की राजगुरुनगर येते आणि मग मंचर. मंचरजवळ घोड नदीच्या काठी चांडोली आहे. १९६० च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केले आणि १९६५ मध्ये त्याचा अहवाल पुस्तकरूपाने आला. त्यावर दोन नावे आहेत, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. झेड. डी. अन्सारी.

अन्सारी साहेबांचे नाव आपल्या घरांत फारसे कुणाला ठाऊक नाही, म्हणून इथे थोडे थांबावे लागते. महाराष्ट्राच्या मातीखालचा इतिहास ज्यांनी हाताने उकरून काढला, त्या पहिल्या फळीत ते होते. प्रा. हसमुख सांकळिया यांनी डेक्कन कॉलेजमध्ये जी पुरातत्त्वाची शाळा घडवली, तिच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कामात हे नाव सापडते. नेवाशाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळातले, त्याच्या अहवालात सांकळिया आणि देव यांच्यासोबत अन्सारी आहेत. नर्मदाकाठच्या नावडातोलीच्या अहवालात आहेत. द्वारकेच्या उत्खननाचा अहवाल त्यांनी डॉ. म. श्री. माटे यांच्यासोबत लिहिला. आणि ज्या इनामगावसाठी आम्ही दुसरा रविवार राखून ठेवला होता, त्याच्या मोठ्या अहवालावरही मधुकर ढवळीकर, सांकळिया आणि अन्सारी अशी तीन नावे आहेत. गाडीत हे सांगताना आमच्यातल्या अकरावीच्या मुलीने विचारले, ‘म्हणजे हे काम शिकता येते? त्याचा कोर्स असतो?’ असतो. डेक्कन कॉलेजमध्येच पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा यांच्या पलीकडेही एक दार आहे, एवढे त्या मुलीला त्या दिवशी कळले.

चांडोलीत मिळाले काय? लाल रंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली मडकी, तांब्याच्या वस्तू, दगडाची बारीक पाती, आणि घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले. त्यांच्यासोबतच्या तांब्याच्या मण्यांत जवसाच्या धाग्याचे अंश टिकून राहिले होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घोड नदीकाठी कुणीतरी जवसाचे सूत काढले होते, त्यात मणी ओवले होते आणि ते आपल्या लेकरासोबत ठेवले होते. तांबे गंजताना त्याच्या क्षारांनी धाग्याला कुजू दिले नाही.

हाच नाशिकचा रस्ता पुढे संगमनेरला जातो. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि देव यांनी तिथे खणले. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या या संस्कृतीला म्हणूनच ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात. तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड अशा नद्यांच्या काठी तिच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्यांच्यापैकी सर्वांत बारकाईने खणलेली वस्ती म्हणजे इनामगाव.

त्यासाठी दुसरा रस्ता धरावा लागतो. चाकणहून शिक्रापूर, तिथून न्हावरे आणि पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव. चाकणच्या शेड संपल्या की ऊस सुरू होतो. या भागात आज धरणाचे, कालव्याचे पाणी आहे, त्यामुळे हा मुलूख मुळात कमी पावसाचा आहे हे चटकन लक्षात येत नाही. न्हावऱ्याच्या पुढे एका लिंबाखाली आम्ही जोहर अदा केली, डबे सोडले आणि मग टेकाडाकडे गेलो.

आधीच सांगतो, इनामगावला ‘बघण्यासारखे’ काही उभे नाही. कमान नाही, मिनार नाही, तटबंदी नाही. उत्खनन झाले की खड्डे बुजवावे लागतात, नाहीतर पावसाने सगळेच वाहून जाते. नदीकाठची उंचवट्याची भुरकट जमीन आणि तिच्यात चुकार खापरे. मुले जरा हिरमुसली. मग आमच्यातल्या एकांनी, जे शाळेत इतिहास शिकवतात, जमिनीवर काठीने चौकोन आखला आणि म्हणाले, ‘हे घर. इथे दार, इथे चूल, इथे धान्याचे पेव. आता आत या.’ मुले आत येऊन बसली. पुढचा तासभर ती हलली नाहीत.

इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले आणि १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम चालले. बाकीच्या ठिकाणी एखादा खोल खड्डा घेऊन थर मोजत, इथे मात्र आडवे, पसरट खणले. उद्देश राजा-राण्यांची नावे शोधण्याचा नव्हताच, लिखाणच नसलेल्या त्या काळात ती मिळणारही नव्हती. एक खेडे कसे जगत होते, हे पाहायचे होते. एकशे तीसहून अधिक घरे उघडी झाली. कोळशाच्या नमुन्यांच्या कार्बन-१४ चाचण्यांवरून काळ ठरला. पहिली वस्ती इ.स.पू. १६०० च्या सुमाराची, ती माळवा संस्कृतीची. इ.स.पू. १४०० ते १००० हा आद्य जोर्वे काळ आणि इ.स.पू. १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ. म्हणजे एका जागी जवळजवळ नऊशे वर्षे माणूस नांदला. आपल्यापैकी किती जणांना आपल्या घराण्याची नऊ पिढ्यांची नावे सांगता येतील?

आद्य जोर्वे काळातली घरे चौकोनी, कुडाच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली होती. ती ओळीने बांधलेली, मध्ये गल्लीएवढी जागा सोडलेली. घरात चूल, धान्य साठवायचे पेव किंवा कणगी, चोपून सारवलेली जमीन. गावाच्या मधल्या भागात मोठी घरे, पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची वस्ती. गव्हापेक्षा जवाचे पीक मोठे. शिवाय मसूर, वाटाणा, कुळीथ अशी कडधान्ये. बोरे, जांभळे, आवळे ही रानची फळे. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या, नदीतले मासे. ही यादी वाचताना आमच्या घरातल्या खाला म्हणाल्या, ‘कुळथाचे कढण आणि बोरे तर आम्हीही लहानपणी हेच खाल्ले.’

मडक्यांतही ओळखीची खूण सापडते. जोर्वे संस्कृतीचे खास भांडे म्हणजे लांब तोटीचा लहान घडा. आपल्या घरात वुजूसाठी असणारा तोटीचा लोटा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आकार लक्षात येईल. या भांड्यांची भाजणी इतकी चांगली की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडायचे कारण नाही. पाणी सांडू न देता बारीक धारेने ओतायचे, ही गरज मात्र दोन्ही काळातल्या घरांची एकच.

पाण्याची किंमत त्यांना चांगली कळत होती. आद्य जोर्वे काळात या गावाने दगड-मातीचा बांध घातला आणि सुमारे चार मीटर रुंदीचा पाट खोदला. पुराचे पाणी वळवून शेताला देण्याची ही सोय असावी, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. असे काम एका घराचे नसते. ढवळीकरांनी यावरून अनुमान काढले की गावात कुणीतरी प्रमुख असला पाहिजे, जो माणसे गोळा करी, धान्य साठवी आणि वाटप करी.

त्या अनुमानाला आधार देणारी एक कबरही सापडली. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या इतिहासात ती बरीच वर्षे शिकवली गेली, त्यामुळे मोठ्या मुलांना ती आठवत होती. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचे घर, त्याच्या अंगणात चार पायांचा, पोटाचा आकार असलेला कच्च्या भाजणीचा मातीचा रांजण, आणि त्यात बसलेल्या अवस्थेत पुरलेला एक प्रौढ पुरुष. बाकीच्या मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखाली उताणे, डोके उत्तरेला करून पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मेलेल्याने उठून जाऊ नये, घरातच राहावे, अशी समजूत त्यामागे असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या रांजणातल्या माणसाची पावले मात्र शाबूत होती.

सर्वांत जास्त दफने लहान मुलांची आहेत. दोन करड्या रंगाचे घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, मध्ये बाळ, शेजारी एखादी वाटी आणि तोटीचा घडा. हे सगळे घराच्या जमिनीखाली, जिथे आई रोज वावरते तिथेच. हे ऐकून मोठी माणसेही गप्प झाली. आपला दफनाचा तरीका वेगळा, श्रद्धा वेगळी. पण बाळाला दूर न्यायला मन तयार होत नाही, हे कुठल्या आईला समजावून सांगावे लागेल?

आता या गावाची उतरती कहाणी. इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. वरच्या थरांत हा बदल स्पष्ट दिसतो. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती आटते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढते. मडक्यांचा दर्जा घसरतो. माणसे लगेच पळाली नाहीत, त्यांनी आणखी तीनशे वर्षे तग धरला. शेवटी इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. आग नाही, कत्तल नाही. गाव हळूहळू रिकामे झाले.

योग असा की हे थर उकरले जात होते त्याच वर्षांत महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. वर दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे आणि खाली तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुष्काळाच्या खुणा. आमच्यासोबत एक चाचा होते. ते त्याच काळात बीडकडून पिंपरीला आले, सोबत एक ट्रंक आणि दोन भावंडे. गोल झोपड्यांविषयी ऐकल्यावर ते म्हणाले, ‘आधी माणूस घर लहान करतो. मग जनावर विकतो. मग एक जण जातो, मग सगळे.’ पुरातत्त्वाचा एकही ग्रंथ न वाचता त्यांनी उत्तर जोर्वे काळाचा सारांश सांगितला.

जगात अशी गावे इतरत्रही आहेत. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात मेसा व्हर्दे नावाच्या पठारावर पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी कड्यांच्या कपारीत दगडी घरे बांधली होती. मका, घेवडा, भोपळा ही त्यांची पिके आणि पावसाचे पाणी अडवण्याचे त्यांचे बांध. झाडांच्या खोडातली वर्तुळे मोजून तिथल्या अभ्यासकांनी दाखवले की १२७६ ते १२९९ या काळात तिथे मोठा दुष्काळ पडला. दुष्काळ, भांडणे आणि दाटी यांमुळे तेराव्या शतकाच्या अखेरीस ती वस्ती रिकामी झाली. अनेक वर्षे लोक म्हणत, ‘ही माणसे गूढरीत्या नाहीशी झाली.’ पण ती कुठेच नाहीशी झाली नव्हती, दक्षिणेला सरकली होती. त्यांचे वंशज आजही न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातल्या गावांत राहतात आणि त्या जुन्या घरांना आपल्या पूर्वजांची घरे मानतात. १९९० मध्ये तिथे कायदाही झाला की मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या अस्थी संग्रहालयांनी त्यांच्या वंशजांना परत द्याव्यात.

मग इनामगावची माणसे कुठे गेली? तीही हवेत विरली नसणार. कुणी वर डोंगराकडे, कुणी जनावरे घेऊन दुसऱ्या खोऱ्यात. त्यांचे रक्त दख्खनच्या कोणकोणत्या घरांत वाहते आहे, हे कुणीही वेगळे काढून दाखवू शकत नाही, आणि कुणालाच त्यातून वगळूही शकत नाही. ‘मूळ गाव कोणते?’ या प्रश्नाने आपल्या मुलांना कधी कधी टोचल्यासारखे होते. त्यांना इनामगावच्या पांढरीवर उभे करावे. गाव म्हणजे कायमची खुंटी नव्हे. या मातीत पाऊस आणि नदी पाहून माणूस बसतो, उठतो, पुन्हा बसतो. बीड सोडून चिंचवडला आलेला आणि घोडकाठ सोडून गेलेला, दोघांचा प्रवास एकाच जातीचा आहे.

कुरआन शरीफमध्येही माणसाला पुन्हा पुन्हा सांगितले आहे की जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा. आपण त्यासाठी दूरच्या देशांची चित्रे पाहतो. इथे तर दुपारच्या आत जाऊन परत येता येते.

पण ही पांढरी किती दिवस राहील? जुन्या वस्तीची माती भुसभुशीत आणि खतासारखी कसदार असते, म्हणून गावोगाव ती गाड्या भरून शेतात नेण्याची रीत पडली. आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आला आहे. चाकणच्या पट्ट्यात रस्ता, गोदाम, गृहप्रकल्प यांसाठी रोज जमीन सपाट होते. बैलगाडीला जे टेकाड संपवायला पन्नास वर्षे लागत, ते यंत्राला दोन दिवस पुरतात. आणि हे काम करणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. कुणी जेसीबी चालवतो, कुणी मुरूम-मातीचा ठेका घेतो, कुणाचा डंपर आहे. म्हणून हे आपल्याला सांगणे आवश्यक वाटते.

खोदताना राखेचा थर, रंगीत खापरे, तोंडाला तोंड लावलेले घडे किंवा हाडे लागली तर हात थांबवावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत मिळालेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तहसीलदार, तलाठी किंवा राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनाही सांगता येते. एक फोटो, जागेचे नाव आणि तारीख एवढे पुरते. आणि हाडे असतील तर ती कुणाची तरी कबर आहे. कबरीचा अदब आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो, त्यात मयताचा धर्म विचारायचा नसतो.

मुलांना घेऊन जायचे असेल तर आधी येरवड्याला डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय पाहा, वेळ फोनवर विचारून जा. मडकी, हत्यारे, दफनाचे घडे डोळ्यांनी पाहिले की मग इनामगावचे रिकामे टेकाड रिकामे वाटत नाही. पाणी आणि टोप्या सोबत ठेवा, शेतातून जाण्यापूर्वी शेतकऱ्याची इजाजत घ्या आणि खापर उचललेच तर पाहून तिथेच ठेवा. त्याची जागा हलली की त्याची अर्धी गोष्ट हरवते.

आमच्या मुलांनीही खिशातली खापरे काढून जिथे होती तिथे ठेवली. सर्वांत धाकट्याने विचारले, ‘आपल्या चिंचवडच्या घराची पांढरी केव्हा होईल?’ राखेऐवजी प्लास्टिक आणि सिमेंट निघेल, असे कुणीतरी हसत म्हणाले. मग परतीच्या वाटेवर शिक्रापूरपर्यंत गाडीत तोच विषय होता, की आपल्यानंतर कुणी खणले तर आपल्याबद्दल काय समजेल.